तुझ्या ‘हो’चा अर्थ

रिझवाना,

तुला घरातून नेलं तेव्हा मी बायकांमध्ये बसले होते. तुझा नवरा, आसिफभाई, दारात येऊन म्हणाले, “ज्योतीताई, एकदा पाहून घ्या.” मी पाहिलं. वर्षभर ज्या ओठांची नुसती धडपड पाहिली होती, ते आता शांत मिटलेले होते, आणि मला ते तुझे वाटलेच नाहीत. मग पुरुष तुला घेऊन गेले आणि आम्ही मागे राहिलो. माझ्या शेजारी तुझ्या नात्यातली एक म्हातारी होती. तसबीहचे मणी ओढता ओढता ती म्हणाली, “बहोत बोलती थी. अल्लाने पहले जबानच ले ली.”

तू असतीस तर तिला तिथल्या तिथे धरलं असतंस. “चाची, अल्ला को बोलनेवाली औरतें पसंद नहीं, ये आपको किसने बताया?” तुझं हे वाक्य मला ऐकू आलं, अगदी तुझ्या आवाजात. माझ्या तोंडून मात्र एक शब्द निघाला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिला तसं काही म्हणायचंही नसेल. तरी मला वाटत राहिलं, की कोणीतरी तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं.

तुझ्या शाळेनं शोकसभा घेतली. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझा मनमिळाऊ स्वभाव, सगळं वाचून दाखवलं. मनमिळाऊ! मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडते आहे.

तू मला पहिल्यांदा भेटलीस तीच भांडताना. मी अमरावतीच्या शाळेत मराठी शिकवणारी, तू अकोल्याच्या उर्दू शाळेत मराठी शिकवणारी. आपण दोघी आपापल्या शाळेतल्या मुलींना घेऊन अमरावतीतल्या एका वक्तृत्व स्पर्धेला आलो होतो. विषय पाण्याचा होता. मुलं एकामागून एक येत होती, ‘अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणत होती, ठरलेल्या जागी हात वर करत होती. तुझी मुलगी अर्ध्यावर अडकली. सभागृहात खुसखुस झाली. मग ती एकदम म्हणाली, “पुढचं मला आठवत नाही. पण आमच्या मोहल्ल्यात नळ येतो त्या दिवशी काय होते ते सांगते.” आणि तिनं ते सांगितलं. कोण शाळा बुडवतं, कोणाची आई कामावर जात नाही, कोणाच्या दारात भांडण लागतं. परीक्षकांनी तिला विषय सोडून बोलली म्हणून बाद केलं.

तू थेट त्यांच्या टेबलाशी गेलीस. “साहेब, सकाळपासून एकच पोट्टी बोलली. बाकीचे तर पाठ म्हणून गेले.”

परीक्षक हसले, तू हसली नाहीस. निकाल काही बदलला नाही. पहिलं बक्षीस माझ्या मुलीला मिळालं. नंतर चहाच्या टपरीवर तू माझ्याजवळ आलीस. “अभिनंदन. भाषण तुमी लिवलं ना?”

“हो.”

“लय चांगलं लिवलं. मंग बक्षीस तुमाले द्याले पायजे होतं.”

मला राग यायला हवा होता. मला हसू आलं, इतकं की हातातला चहा सांडला. त्या संध्याकाळी तू बस धरून अकोल्याला गेलीस तेव्हा आपण एकमेकींना ‘अगं तुगं’ करत होतो आणि आपल्या स्पर्धेचं जवळजवळ ठरलं होतं. वादविवाद स्पर्धा. पाठांतर चालणार नाही. दोघादोघांच्या जोड्या. विषय त्याच दिवशी सकाळी सांगायचा. एकानं मांडायचं, दुसऱ्यानं खोडायचं, समोरच्यानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच. बोली कोणतीही चालेल. “वऱ्हाडीत बोलला म्हणून गुण कापले तर मी मंडपच पाडीन,” तू म्हणालीस.

एक साल अमरावतीत, एक साल अकोल्यात. मुख्याध्यापकांकडे जायचो तेव्हा बोलायचीस तू आणि पाणी प्यायचे मी. “मुलांना भांडण शिकवता का मॅडम?” हे आपल्याला प्रत्येकानं विचारलं. तुझं उत्तर ठरलेलं होतं. “भांडण त्यायले येतेच सर. ऐकणं शिकवून राहिलो.” पहिल्या वर्षी आलेल्या जोड्यांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. अकोटहून निघालेली मुलं बस बिघडल्यामुळे दुपारी पोचली, म्हणून तू पहिली फेरी पुन्हा घेतलीस. माइक घुमायचा. घंटी सापडली नाही म्हणून तू स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवलास, आणि मग पुढे कायम तेच चालू राहिलं. जेवणाला खिचडी-कढी. तू पदराला हात पुसत पुसत परीक्षकांशी वाद घालत होतीस. मला त्या दिवशी वाटलं, आयुष्यात एवढं जिवंत काम मी याआधी केलं नाही. हे तुला कधी सांगितलं की नाही, आठवत नाही. नसेलच सांगितलं.

आपलं स्वतःचं भांडण एकाच गोष्टीवर होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. चिठ्ठीवर. अनुकूल बाजू की प्रतिकूल, हे मुलांनी स्वतः निवडायचं नाही, चिठ्ठी उचलायची, हा तुझा नियम होता. मला तो पटत नव्हता. मोठ्या माणसांचं ठीक आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जे पटत नाही ते जोरजोरात पटवून द्यायला लावायचं, ही खोटं बोलण्याची शिकवणी नाही का?

“नाही,” तू म्हणायचीस. “माह्या शाळेतल्या पोरायबद्दल लोकायनं काय काय धरून ठेवलं हाय, तुले माहीत नाही. तुह्या शाळेतल्या पोरायबद्दल आमच्या गल्लीत काय बोलतात तेबी तुले माहीत नाही. जोती, एकदा तरी समोरच्याच्या जागेवरून बोलाले पायजे. तोंडानं तरी.”

तुझं असं काही बोलून झालं की मी चिठ्ठ्यांच्या घड्या घालायला लागायचे. पण पटायचं नाही.

मग गायत्री आली. पातूरकडच्या खेड्यातली, दहावीतली, चेहऱ्यापेक्षा वेणीच मोठी असलेली. वडील झेंडू-निशिगंधाची शेती करणारे, फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात येणारे. त्या दिवशी ते पोरीचं भाषण ऐकायला थांबले होते, शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून. स्पर्धा अकोल्यात होती. विषय तू काढलेला होतास: मुलींनी शिक्षणासाठी घरापासून दूर राहू नये. गायत्रीला चिठ्ठी आली अनुकूल बाजूची.

ती माझ्याकडे रडतच आली. तिच्या मोठ्या बहिणीचं कॉलेज मध्येच सुटलं होतं. रोज संध्याकाळच्या एसटीनं ती परत यायची, वडील फाट्यावर उभे राहायचे. एकदा गाडी वाटेत बंद पडली, फोन लागेना, पोरगी अंधार पडल्यावर पोचली. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. पुढे लग्न. “मॅडम, दहावीनंतर मले अमरावतीले सायन्सले जायचं हाय. हे मी कसं बोलू जी?”

मी तुझ्याकडे आले आणि म्हटलं, हिची बाजू बदल. तू म्हणालीस, नाही. मी म्हटलं, नियम आपणच केलाय. तू म्हणालीस, म्हणूनच. मुलं पाहत होती. तू गायत्रीला बाजूला घेतलंस, तिच्यासमोर उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, “बाबाच्या मनात काय असते, ते तुयापेक्षा जास्त कोणाले माहीत हाय? सांग ना मंग. तेवढंच सांग.”

आणि ती बोलली. फाटा सांगितला. तिथलं बंद पडलेलं रसवंतीचं दुकान, तिथे बसणारी माणसं, त्यांची नजर. बाप उभा आहे. प्रत्येक दिवा आपल्याच गाडीचा वाटतो. दिवा जवळ येतो आणि ट्रक निघून जातो. “त्या माणसाले कोणी विचारत नाही,” ती म्हणाली, “की तुले पोरीचं शिक्षण नको का? त्याले पायजेच असते. पण त्याले पोरगीबी पायजे असते.” तू पेल्यावर चमचा वाजवायचा विसरलीस. नंतर टाळ्या थांबता थांबेनात. जोडी पहिली आली. तू डोळे पुसत माझ्याकडे पाहिलंस, पाहिलं का, अशा अर्थानं. आणि खरंच, मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

दहावीचा निकाल लागला. गायत्रीला उत्तम गुण पडले, आणि तिच्या वडिलांनी तिचं नाव गावाजवळच्या कॉलेजात घातलं, आर्ट्सला. तिनं तुला फोन केला. तू मला फोन केलास. आपण दोघी त्यांच्या गावी गेलो.

ते घर मला आता डोळ्यांसमोर दिसतं. ओसरीत फुलांची ओली पोती, चहा, बशीत बिस्किटं. तिचे वडील आपल्याशी इतक्या आदरानं बोलले की भांडायला जागाच ठेवली नाही. “मॅडम, मी काही पोरीच्या वाईटावर नाही. पण तिनं तिथं जे सांगतलं ना, ते माह्या मनातलं होतं. मोठीच्या वेळी मले बोलता नाही आलं. माही मोठी पोरगी अजून माह्यासंग नीट बोलत नाही. हिनं समद्यायसमोर बोलून दाखवलं. तुमीच तिले बक्षीस देल्लं. आता तुमी सांगा, त्याच्यात खोटं काय होतं?”

मी तुझ्याकडे पाहिलं. माझी सवयच ती. तू बशीतलं बिस्किट हातात घेतलंस, परत ठेवलंस. गायत्री दाराच्या आत उभी होती. आणि तू म्हणालीस, “खोटं काहीच नव्हतं.”

“मंग झालं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. उलट त्यांना वाईट वाटत होतं तुझ्यासाठी.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. तो फाटा मागे पडल्यावर म्हणालीस, “तो माणूस खोटं नाही बोलून राहिला जोती. तेच तर वांधं हाय.” मी तिकीट पर्समध्ये ठेवत होते. “तुले जे बोलायचं ते बोलून टाक.”

“काही नाही.”

“मंग मनातल्या मनात नको जिंकू.”

मी जिंकत नव्हते गं. मला तेव्हाही काही सुचत नव्हतं. बाजू बदलली असती तर तिनं साधंसं भाषण केलं असतं, हरली असती, आणि कदाचित आज सायन्सला असती. पण मग ते भाषण झालंच नसतं, ज्यात तिनं पहिल्यांदा बापाला पाहिलं. यातलं काय हवं होतं? तुला विचारायचं होतं. वाटलं, विचारू कधीतरी.

तू मात्र सोडलं नाहीस. सुट्टीच्या दिवशी तू पुन्हा गेलीस, मग आणखी एकदा. वसतिगृहाची माहिती घेऊन गेलीस. एकदा आसिफभाईंनाच घेऊन गेलीस. दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोटारी तशाच उघड्या टाकून ते बिचारे तुझ्याबरोबर त्या ओसरीत बसून आले. दर वेळी चहा मिळाला. एकदा त्यांनी तुला फुलं दिली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात तू फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसलीस.

डॉक्टर म्हणाले, पक्षाघात आहे, त्यांना सगळं समजतं, शब्द तेवढे हाताशी येत नाहीत. उजवा हात गेला होता, म्हणून लिहिणंही नव्हतं. डाव्या हातानं काढलेल्या रेघा आम्ही उलट्यासुलट्या करून पाहायचो. आणि तोंडात एकच शब्द राहिला होता. हो. उर्दू तुझी मायबोली, घरात आयुष्यभर उर्दू, आणि उरला तो मराठीचा हा एवढासा शब्द. पाणी हवं का? हो. दुखतंय का? हो. आता निघू मी? हो, आणि माझा हात घट्ट धरलेला. ज्या बाईनं जन्मभर प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हटलं, तिच्याकडे नाही म्हणायला शब्द नव्हता. तू ‘हो’ म्हणायचीस आणि मान हलवायचीस, मग मान चुकीच्या दिशेनं हलली म्हणून चिडायचीस, आणि चिडून पुन्हा म्हणायचीस, हो, हो, हो. आसिफभाई म्हणायचे, “डोळे पाहा ताई, डोळ्यांत बरोबर कळते.” त्यांना कळत असेल. मला नाही कळायचं. मी दर आठवड्याला येऊन तुझी वाक्यं पूर्ण करायचे आणि चुकीची पूर्ण करायचे.

त्या साली स्पर्धा मी एकटीनं घेतली. सगळं वेळेवर झालं. कोणी माझ्याशी भांडलं नाही. इतकी कंटाळवाणी स्पर्धा आपण कधी घेतली नव्हती.

आता त्या दिवसाबद्दल, जो मला सोडत नाही. उन्हाळ्यात गायत्री तुला भेटायला आली, मी तिथेच होते. तिनं तुझ्या पायांना हात लावला, पलंगाजवळ बसली, तुझी चादर सारखी केली. मग हळूच विचारलं, “मॅडम, मी चुकली का जी? तसं बोलून?”

तू म्हणालीस, “हो.”

खोलीत काय झालं ते तुला माहीत आहे. गायत्री पांढरी पडली. तू लगेच डावा हात गादीवर आपटायला लागलीस. हो, हो, हो. तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी धावले, मी म्हणाले, “अगं, त्यांना ‘नाही’ म्हणायचंय, त्यांना तेवढा एकच शब्द येतो.” तर तू माझ्यावरही हात आपटलास. माझं मनगट लाल झालं होतं. मी नीट सांगितलं म्हणून, की चुकीचं सांगितलं म्हणून? आसिफभाई दुकानात होते. डोळे वाचणारं कोणी नव्हतं. गायत्री ओढणीनं तोंड पुसत निघून गेली. मी तुला विचारलं, “‘नाही’ म्हणायचं होतं ना?” तू थकून डोळे मिटलेस.

त्यानंतर मी तुला ते पुन्हा विचारलं नाही. विचारून काय करणार होते? तू ‘हो’च म्हणाली असतीस.

तुझ्या जाण्यानंतर मी पुन्हा तुझ्या घरी गेले तेव्हा गायत्री आली होती. आता ती बारावीत आहे. आम्ही पायरीवर बसलो. मी तिला तो दिवस काढून सांगू लागले, की बेटा, मॅडमच्या त्या शब्दाचा अर्थ तू मनाला लावून घेऊ नकोस.

ती म्हणाली, “मले बरं वाटलं होतं मॅडम.”

“काय?”

“तिथं सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणतेत, तू बरोबर बोलली. गावातले म्हणतेत, पोरगी काय बोलली. कोणीच नाही म्हणत की चुकली. मंग मी त्याच्यातून निघू कशी? एकट्या रिझवाना मॅडमच म्हणाल्या, हो. मी रडली, पण घरी जाऊन मले बरं वाटलं. चुकलं असंन तर परत बोलता येते ना.”

मला सांगायचं होतं, की तो शब्द तसा नव्हता. पण तसा नव्हताच, हे मी कशावरून म्हणते? मी तुझे डोळे वाचू शकत नव्हते. तू खरंच ‘हो’ म्हणाली असशील. आणि म्हणाली असशील तर कशाला? तिचं चुकलं, की तिला ती बाजू द्यायला तुझं चुकलं, की माझं बरोबर होतं? मला नको आहे हे असं बरोबर असणं. मला तू समोर बसून ‘नाही’ म्हणायला हवी आहेस.

मी गायत्रीला काही सांगितलं नाही.

काल तिच्या वडिलांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी आसिफभाईंकडून घेतला. “मॅडम, पोरगी म्हणते ते भाषण चुकलं होतं, बारावीनंतर तिले अमरावतीले शिकाले जायचं हाय, म्हून दुसरी बाजू मांडायची हाय. मी म्हटलं, मांड. तर म्हणते अशी नाही, तिथं होते तशी. तिनं बोलायचं, मंग मी बोलायचं, मंग प्रश्न. अन् ऐकाले कोणी तरी पायजे. तुमी येता का रविवारी?” पुढे म्हणाले, “त्या मॅडमले बोलावलं असतं. बाई भल्ली चांगली होती.” आणि मग, “मी ऐकीन. मानीन असं नाही. ते आधीच सांगून ठेवतो.”

मी म्हणाले, येते.

गायत्रीनं त्यांच्या हातून फोन घेतला. “बाबा फुलं तोडता तोडता एकटेच बोलून राहिले मॅडम,” ती म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही. त्या माणसाकडे काय आहे ते मला माहीत आहे. तो काहीच खोटं बोलणार नाही. ती सगळं सांगेल, वसतिगृह, गुण, बहीण, आणि तो शेवटी एवढंच विचारेल की सुट्टीत घरी येताना गाडी आली नाही तर. त्याचं उत्तर तिच्याकडे नाही, माझ्याकडे नाही. तुझ्याकडेही नव्हतं, त्या ओसरीत मी तुझ्या शेजारीच बसले होते.

रविवारी ती हरली तर ती माझ्याकडे पाहील. तेव्हा तिला काय सांगायचं, रिझवाना?

सकाळच्या गाडीनं निघते आहे.